शुक्रवारची शून्यं

नाशिकहून पालघरला जायचं ठरलं ते एका जाडजूड फायलीवर चिडून. वैशाली माझी जुनी विद्यार्थिनी, आता बोईसरजवळच्या एका कॉलेजात कंत्राटावर रसायनशास्त्र शिकवते. तिच्या कॉलेजच्या पुढल्या वर्षाच्या नियोजन समितीवर बाहेरची सदस्य म्हणून माझं नाव घातलं होतं. फायलीत मुलं काय शिकली याचे रंगीत आलेख होते आणि शेवटच्या पानावर एकच ओळ: 'निकाल समाधानकारक नसल्याने रासायनिक विश्लेषणाचा अभ्यासक्रम बंद करावा.' आलेख बावीस पानं, विचार एक ओळ. निवृत्त झाले म्हणून अशा कागदावर घरबसल्या सही करीन, असं कुणाला वाटत असेल तर ते मला ओळखत नाहीत.

गुरुवारी पहाटेची एसटी पकडली. त्र्यंबक, जव्हार, विक्रमगड, मनोर असा रस्ता. नाशिकहून जाणाऱ्यांना माझा सल्ला: डावीकडची खिडकी घ्या आणि घाई घरी ठेवून या. जव्हारच्या अलीकडे धुकं इतकं उतरलं होतं की डोंगर आहेत की कुणी आठवणीतून काढलेत, कळेना. कापून झालेल्या भातखाचरांतून एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. वळण आलं, ती नाहीशी झाली, आणि कितीतरी वेळ मला वाटत राहिलं की बस थांबलीय आणि डोंगरच मागे सरकताहेत. जव्हारच्या स्टँडवर चहा आणि गरम भजी. चहा गोडमिट्ट, भजी उत्तम.

दुपारी बोईसर. इथे स्वप्न मोडतं. टँकर, कंपन्यांच्या बसेस, हवेत सारखी कसली तरी आंबूस झाक. वैशाली मला आधी प्रयोगशाळेत घेऊन गेली. खिडकीशी पालघरजवळच्या किनाऱ्यावरच्या माहीमची एक मुलगी, हर्षाली, सुकवलेल्या बोंबलांत मीठ किती ते शोधत होती. नळीतून थेंब सोडताना तिचा हात असा स्थिर की मी श्वास धरून उभी राहिले. रंग बदलला त्याच थेंबाला तिने तोटी बंद केली. चाळीस वर्षांत असे हात मी मोजकेच पाहिले.

"हा अभ्यासक्रम बंद करायचाय?" मी विचारलं.

"तक्ता ऑफिसात बनतो, मॅडम. त्यात लेखी चाचण्यांत वर्गच्या वर्ग आपटलाय," वैशाली खाली मान घालून म्हणाली. "माहीम, सातपाटीच्या मुली तर जास्तच. शनिवारी निर्णय आहे. हा गेला तर या मुलींसाठी इथे दुसरं काही नाही. पदवी घेऊन घरी बसायचं."

मुक्कामाला मी माहीमला गेले. वाडीतली साधी खोली, खिशाला परवडणारी, आणि जेवायला पापलेटचं कालवण. संध्याकाळी समुद्र इतका आत गेला होता की तो गेला कुठे, असं वाटावं. ओल्या चिखलात आभाळ पडलेलं. दोऱ्यांवर टांगलेले बोंबील वाऱ्याने हलत होते, आणि त्या वासासकट सगळं कसं अलगद, पाण्याखालचं वाटत होतं. मी फाईल उघडलीच नाही.

शुक्रवारी मला काम नव्हतं. माहीमहून शेअर रिक्षाने पालघर, तिथून एसटीने बोईसर, आणि बाजाराकडे जायला पुन्हा रिक्षा. कालचे टँकर गायब. रस्ता असा मोकळा की मी चुकीच्या गावात आले की काय, अशी शंका आली.

"आज बंद वगैरे आहे का?" मी रिक्षावाल्याला विचारलं. तो सालवडला राहणारा, मूळचा उत्तरेकडचा.

"नहीं मॅडम, शुक्रवार है. कंपनी की छुट्टी. आज तो पूरा बोईसर मच्छी खाता है!"

आणि खरंच, बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. टोपल्यांच्या रांगा, बर्फाचं पाणी, चार भाषांत घासाघीस. एका टोपलीमागे एक कोळीण मावशी बसली होती आणि तिच्या शेजारी, कोयत्यावर घोळ मासा कापत, हर्षाली. हात तेच. तसेच स्थिर.

"अगो, मॅडम! तुमी काल कालेजात आल्या होत्या ना?"

"तू इथे काय करतेस? आज तुमची चाचणी आहे ना? दर शुक्रवारी असते, म्हणाली वैशाली."

"हाय ना." ती जराशी हसली. "पन आज शुक्रवार."

टोपलीमागची मावशी, म्हणजे तिची आई, मध्ये पडली. "बाई, आठवड्यातून ह्यो एकच दीस धंद्याचा. कंपनीवाले घरी असतात, सगली गिऱ्हाइकं आजच. मी एकली कापू का इकू? पोर बाकी कदी दांडी मारत नाय."

"आणि बाकीच्या मुली?"

हर्षालीने कोयत्यावरचा हात न उचलता मानेनेच रांग दाखवली. रांगेत तिच्या वयाच्या मुली मला आता दिसायला लागल्या. एकीने मला पाहून तोंड टोपलीआड केलं. मी पाव किलो करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, विकत घेतली, तीही घासाघीस न करता. माझ्या बाबतीत हे क्वचितच घडतं.

शनिवारी बैठक. प्राचार्य सज्जन, गोड आवाजाचे. मी विचारलं, चाचण्या शुक्रवारीच का?

"मॅडम, त्या दिवशी कंपन्या बंद. रस्ते मोकळे. मुलं वेळेवर पोचतात, अशी सोय केलीय."

"छान. मला वैशालीची मूळ वही दाखवा."

वही आली. तिच्यात हर्षालीच्या आणि माहीम, सातपाटीच्या बाकी मुलींच्या नावांपुढे सगळीकडे 'गैरहजर' लिहिलेलं. आलेखाच्या तक्त्यात त्याच जागी शून्य. मी कारकुनाकडे पाहिलं.

"मॅडम, कॉम्प्युटरवर तो चौकोन रिकामा सोडला की फॉर्म पुढे सरकत नाही," तो म्हणाला. "अक्षर घेत नाही तो. मग मी शून्य टाकतो."

मी वही आणि तक्ता प्राचार्यांसमोर शेजारी शेजारी ठेवले.

"आमच्या कॉन्व्हेंटात एक सिस्टर होत्या," मी म्हटलं. "न आलेल्या मुलीपुढे त्या आडवी रेघ मारायच्या. शून्य फक्त येऊन बसलेल्या मुलीला. म्हणायच्या, शून्यसुद्धा कमवावं लागतं. तुम्ही या मुलींना फुकट वाटलंत, सर. आणि त्या शून्यांचे आलेख काढून, रंग भरून, त्यांचाच अभ्यासक्रम काढून घ्यायला निघालात!"

प्राचार्य घाम पुसत म्हणाले, "अहो, पण मुली बोलल्या का नाहीत?"

"विचारलं होतंत?"

त्यांनी वही जवळ ओढली आणि पहिल्यांदाच नीट वाचली. बराच वेळ. मग म्हणाले, "मंगळवारी पुन्हा चाचणी घेऊ. प्रश्न तुम्ही काढा. त्यावर ठरवू."

म्हणून माझा परतीचा दिवस पुढे गेला. ते दोन दिवस मला अजून नीट सांगता येत नाहीत. सकाळी पानमळ्यांतून हिरवा उजेड गाळून यायचा, दुपारी सुरूच्या बनात वारा समुद्रासारखा वाजायचा आणि समुद्र मात्र गप्प. मी वाळूत बसून प्रश्न काढले. सोपे एकही नाहीत.

मंगळवारी अकरा मुली आल्या. नऊ पास झाल्या. हर्षालीने मिठाचं गणित चोख सोडवलं आणि खाली एक ओळ जास्तीची लिहिली: 'आमच्या घरच्या बोंबलात मीठ जास्त होते, आईला सांगितले.' एकीला दोन गुण पडले आणि एकीला खरोखरचं, स्वतः कमावलेलं शून्य. तिलाही मी शाबासकी दिली. ती आली होती.

अभ्यासक्रम राहिला. चाचण्या आता मंगळवारी. तक्त्यात गैरहजर मुलींचा रकाना वेगळा. कारकुनाने तो स्वतः आखला, तिरका, पण आखला.

नाशिकला पोचले तेव्हा निघताना घेतलेल्या सोड्यांचा, त्या सुक्या कोळंबीचा, वास घरभर झाला. चहा केला, बसले, आणि मग ते वर आलं. मी विभागप्रमुख असताना आमच्याकडे संध्याकाळची एक तुकडी होती. निकाल वाईट म्हणून ती बंद झाली. तक्ता सुबक होता, शून्यांनी भरलेला. खाली सही माझी. चाचण्या कोणत्या वारी होत्या, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. मूळ वही मागितली नव्हती. सिस्टरांची ती आडवी रेघ तेव्हाही मला ठाऊक होती.

त्या मुलांची नावं आठवायचा प्रयत्न केला. चेहरे येतात, धुक्यातल्या त्या बाईसारखे, आणि वळणाशी नाहीसे होतात. एका कोऱ्या कागदावर मी आडव्या रेघा मारल्या, आठवतील तितक्यांसाठी. सहा झाल्या. तुकडीत चाळीस होते.