अष्टकोनाचे आठ कोपरे

पीएच.डी.ला आम्ही दोघी एकाच सरांकडे होतो. मी सदाशिव पेठेत खोली घेऊन राहायचे, ती हडपसरहून बसनं यायची. तिच्या घरच्यांची शेती होती तिथं आता आयटी पार्क आहे.

आमचं काम असं होतं. अष्टकोनाच्या समोरासमोरच्या कडा मनातल्या मनात जोडल्या की दोन मेदूवडे चिकटवल्यासारखा, दोन भोकांचा पृष्ठभाग तयार होतो. अशा प्रत्येक पृष्ठभागाचं एक बैजिक समीकरण असतं, हे केव्हाच सिद्ध झालंय. पण ते नेमकं कोणतं, हे सिद्धतेतून हाती लागत नाही. म्हणून आम्ही पृष्ठभागाचे बारीक त्रिकोण पाडून कॉम्प्युटरवर त्या समीकरणाचे सहगुणक काढत होतो.

नियमित अष्टकोनाचं उत्तर आधीच माहीत होतं, त्यामुळे चाचणी त्याच्यावर घेतली. त्रिकोण कितीही बारीक केले तरी आकडे उत्तराच्या आसपास घुटमळत राहायचे.

"चूक कोपऱ्यात आहे," सेमिनारमध्ये ती म्हणाली. "जोडल्यावर आठही कोपरे एकाच बिंदूत येतात. त्याच्याभोवती एकदा फिरून यायचं तर तीन फेऱ्यांइतका कोन होतो. तिथं साधे त्रिकोण चालणार नाहीत, मोजमापच बदलायला हवं."

सर म्हणाले, "अहो, प्रोग्रॅम नीट लिहिता आला नाही की भूमितीला दोष द्यायचा, ही नवी पद्धत का?"

सगळे हसले. ती खाली बसली. असं पहिल्यांदाच होत होतं असं नाही. उन्हाळ्यात तिनं पीएच.डी. सोडली आणि घराजवळच्या कंपनीत नोकरी धरली. मला म्हणाली, "अगं, ऐकूनच घ्यायचं तर पगार घेऊन तरी ऐकते."

दिवाळीच्या सुमारास, दुसरं काही सुचेना म्हणून मी तिचा उपाय करून पाहिला. आकडे थेट उत्तरावर जाऊन बसले. मग एक वेडावाकडा अष्टकोन घेतला, ज्याचं समीकरण आम्हाला कुठंच सापडलं नव्हतं. तेही मिळालं.

सरांनी स्क्रीनवरचे आकडे एकेक करून तपासले. म्हणाले, "चला, हडपसरला जाऊ."

तिच्या आईनं दार उघडलं. "बसा. आत्ताच कामावरनं आलिया, दमली हाय."

चहा यायच्या आधीच सर तिला म्हणाले, "तुमचं बरोबर होतं. मी ऐकायला हवं होतं. तुम्ही परत या."

तिनं माझ्या हातातला कागद घेतला, आकड्यांवरून बोट फिरवलं. "कोपऱ्यात घनमूळ घेतलंस?"

"हो. तीन फेऱ्यांची एकच फेरी झाली."

क्षणभर तिचा चेहरा उजळला. मग तिनं कागद परत दिला. "आता नाही जमणार, सर. आणि खरं सांगू? तिथं कंपनीत मी बोलले की ऐकतात."

"बरोबर आहे," एवढंच सर म्हणाले. शोधनिबंधावर त्यांनी तिचं नाव सर्वांत आधी घातलं.

गेल्या वर्षी तीन भोकांच्या पृष्ठभागावर मी अडले, तेव्हा तिला फोन केला. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. "अगं, आता मला ते डोळ्यांसमोर दिसतच नाही," म्हणाली, आणि मुलीच्या शाळेचं सांगू लागली. मी ऐकत राहिले. फोन ठेवल्यावर त्या दिवशी पुढं काही काम झालं नाही.