मामाच्या आधीचा घास

कांद्याच्या वाफ्याशेजारी बांधावर आम्ही बायका फडकी सोडून भाकरी खायला बसलो होतो. शेजारच्या सुमनची नुकती बसायला लागलेली लेक तिच्या मांडीवर होती. सुमनचा हात तोंडाकडे गेला की पोरीचेही ओठ हलायचे. सुमननं भाकरीचा पापुद्रा काढला, आतला मऊ भाग वरणात कुस्करला आणि बोटावर घेतला.

"अगं, उष्टावण व्हायचंय अजून!" सुमनची सासू ओरडली. "मामाच्या हातची खीर पोटात गेल्याबिगर अन्न लावत्यात व्हय?"

"मामा यायचा तवा येईल, आत्याबाई. हिची भूक आजच आलीया."

मला तर टाळीच वाजवावीशी वाटली. रात्रंदिवस दूध पाजताना आई चालते, मग घासासाठीच माहेरचा पुरुष कशाला लागतो?

पोरीनं घास थुंकला. सुमननं तो हनुवटीवरून निपटून पुन्हा तोंडात सारला. या वेळी पोरीनं तो गिळला.

मामा येईल, चांदीच्या वाटीतली खीर भरवेल, फोटो निघतील. खुशाल निघू देत. पहिला घास बांधावर, आईच्या बोटावरून गेलाय. तो आता कुणालाही परत काढता येणार नाही.