भट्टीवाल्या विधवेची तळटीप

"कोण म्हणतं? कुठे म्हणतं? दाखव."

दूध नासलं असं घरात कुणी सांगितलं तरी थोरलीचं हेच. शेजारीण धावत येऊन अमक्याचं लग्न मोडल्याची बातमी द्यायची, सगळ्यांचे कान टवकारायचे, आणि थोरली भाजी निवडता निवडता विचारायची, "कोण म्हणतं?" शेजारीण अर्धा चहा टाकून उठायची. कॉलेजातली पोरं मागून तिला उलटतपासणी म्हणत. तिला ते ठाऊक होतं. एकदा तिनं वळून विचारलंही होतं, "हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं रे? बरं जमलंय."

तिच्या धाकट्या जावेचं कॉलेजच्या फाटकासमोर टायपिंगचं आणि बाइंडिंगचं दुकान होतं. एक लांबुडकी खोली, दोन संगणक, एक झेरॉक्स मशीन, आणि अंगावरच्या साडीलाही चिकटून घरी येणारा डिंकाचा वास. गावातले सगळे प्रबंध इथेच टाइप व्हायचे आणि इथेच निळ्या कापडात बांधले जायचे. थोरली समोर कॉलेजात शिकवायची, पण हंगामी. वर्ष संपलं की नेमणूक संपायची, मग पुन्हा अर्ज. केस पिकले तरी अर्ज काही थांबले नाहीत. डॉक्टरेट मिळाली तर ती कायम होणार होती. त्यासाठीची मुदत आज संपत होती, आणि प्रबंधाच्या पहिल्या पानावर मार्गदर्शक सरांची सही अजून व्हायची होती.

सही अडली होती एका तळटीपेवर.

थोरलीचा विषय होता वीटभट्ट्या. तिच्या आईनं हयातभर भट्टीवर विटा वाहिल्या, म्हणून तिनं तो मुद्दाम निवडलेला. ह्या विषयात जो कुणी लिहायचा, तो सुरुवात एकाच गोष्टीनं करायचा. एका विधवेनं नवरा गेल्यावर नदीकाठी पहिली भट्टी पेटवली, आणि तिच्यापासून हा धंदा सुरू झाला. सरांचा गाजलेला लेख ह्याच बाईवर होता. थोरलीचाही तिच्यावर जीव जडला होता. पहिलं प्रकरण तिनं त्या विधवेवरच लिहिलं, आणि धाकटीला म्हणाली, "आई असती तर तिला वाचून दाखवलं असतं गं."

पण खोड ती खोड. ही विधवा कोण म्हणतं, कुठे म्हणतं, हे बघायला ती संदर्भसूचीकडे वळली. तिथे इंटरनेटवरच्या एका पानाचा पत्ता होता. पान उघडेना, केव्हाच बंद पडलेलं. मग तिनं धाकटीच्या फळीवरचे जुने प्रबंध खाली काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवले. सगळ्यांत तोच पत्ता. आणि त्यापुढे पान पाहिल्याची जी तारीख लिहायची असते, तीही सगळ्यांत तीच.

"काय गं, ही सगळी मंडळी एकाच दिवशी एकाच खिडकीत डोकावली की काय?"

धाकटी ओशाळली. "ताई, पोरं म्हणतात, मागच्या प्रबंधातून उचला. मी उचलते. तारीखही येते मग उचलून."

"आणि ह्या प्रबंधातली पोरगी बघ. हिनं त्या दिवशी पान वाचलं म्हणे. त्या दिवशी ही पाटीवर रेघोट्या ओढत असेल!"

दोघी हसल्या. धाकटी जरा जास्तच हसली, कारण तिला हसून तो विषय संपवायचा होता. थोरलीनं संपवू दिला नाही. ती तारीख मुळात आली होती सरांच्या लेखातून. म्हणजे सरांनी तरी ते पान पाहिलं असेल. इंटरनेटवर जुन्या पानांच्या प्रती जपून ठेवणारी एक जागा असते. तिथे ती पुष्कळ दिवस शोधत बसली, आणि एका दुपारी ते पान धाकटीच्या पडद्यावर हळूहळू उमटलं.

ती फरशीच्या दुकानाची जाहिरात होती. वर लाल फरशीचा फोटो, खाली विधवेची गोष्ट, आणि त्याखाली ठळक अक्षरांत, 'इतिहास असलेली फरशी, आजच घ्या.' लेखकाचं नाव नाही, गोष्ट कुठून घेतली त्याचा पत्ता नाही. थोरलीनं दुकानदाराला फोन लावला.

"अहो बाई, ते जाहिरातवाल्यानं लिहिलेलं," तो म्हणाला. "छान वाटलं म्हणून राहू दिलं. फरशी खपली हो त्यावर!"

त्या रात्री थोरली नीट जेवली नाही. सकाळी तिनं पहिलं प्रकरण काढून टाकलं आणि त्या जागी एक तळटीप लिहिली. ह्या विधवेचा एकही पुरावा सापडला नाही. तिची गोष्ट एका जाहिरातीतून सुरू झाली. पुढील सर्व लेखनाने ती पडताळून न पाहता घेतलेली दिसते. खाली त्या लेखनाची यादी होती, आणि यादीत पहिला लेख सरांचा.

आज दुपारी सर स्वतः दुकानात आले. दमेकरी, मऊ बोलणारा माणूस. थोरलीला कुणी विद्यार्थी म्हणून घ्यायला तयार नव्हतं तेव्हा ह्यांनीच घेतलं होतं. ते स्टुलावर बसले आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.

"मालकीणबाई, ती तळटीप तेवढी पुसा आणि पान छापा. मी इथेच सही करतो."

धाकटीचा हात माउसवर होता. तिनं थोरलीकडे पाहिलं.

"सर," थोरली म्हणाली, "एकच सांगा. तुम्ही ते पान पाहिलं होतं का?"

सरांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "एका भाषणात ऐकलं होतं मी. पत्ता नंतर एका विद्यार्थ्यानं आणून दिला. पण बाई, चांगल्या हेतूनं लिहिलं हो! किती बायकांना त्या गोष्टीनं बळ दिलं. तुमच्याच आईसारख्यांना."

"माझ्या आईचं नाव घेताय, तर ऐका. तिच्या डोक्यावरच्या विटा खऱ्या होत्या. टाळूवरचे केस गेले होते त्यांनी. तिचं नाव कुठल्याच पानावर नाही, आणि फरशीवाल्याच्या विधवेला तुम्ही सगळ्यांनी मिळून डोक्यावर घेतलंय. तिच्यामागे आईला उभी करू मी?"

"मुदत आज संपतेय, बाई."

"माहीत आहे मला."

"हे हट्टाचं वय आहे का तुमचं?"

"कायम होण्याचंही नव्हतं. तरी अर्ज करत होतेच ना?"

सर धाकटीकडे वळले. आवाज मऊच होता. "मालकीणबाई, माझे सगळे विद्यार्थी तुमच्याकडेच येतात. पुसा ते."

धाकटीच्या दुकानाचं भाडं, मशीनचा हप्ता, सगळं त्या मऊ आवाजात होतं. आणि पडद्यावर ती तळटीप होती, जिच्यातलं अर्धं अधिक पाप तिच्याच बोटांनी उचलून इकडून तिकडे डकवलं होतं. तिनं माउस हलवला आणि बटण दाबलं. कोपऱ्यातलं मशीन घरघरलं. पान बाहेर आलं, तळटीपेसकट.

"ताई, गरम आहे, जपून घे," ती म्हणाली.

सरांनी पेन खिशात ठेवलं. "सहीशिवाय कचेरीत घेणार नाहीत."

"नाही घेतलं तर तसं लिहून मागेन," थोरली पानं सारखी करत म्हणाली. "कोणी नाकारलं, कुठल्या नियमानं नाकारलं. नाव आणि तारखेसकट. आजची तारीख हं सर, उचललेली नको."

बाइंडिंगला वेळ नव्हता. धाकटीनं पानांना सुतळीची गाठ मारून दिली. थोरलीनं गठ्ठा छातीशी धरला, चपला सरकवल्या आणि पायरी उतरली. कचेरी रस्त्याच्या टोकाला होती. ती घाईनं चालली नाही. फाटकाजवळ दोन पोरं कुजबुजली, "उलटतपासणी चालली बघ," आणि बाजूला सरून तिला वाट दिली. सर स्टुलावरून उठले नाहीत. धाकटी मात्र दारात आली, डिंकाचे हात पदराला पुसत, आणि वळणाआड थोरलीचं पिकलं डोकं दिसेनासं होईपर्यंत तिथेच उभी राहिली.