दुधाच्या धुतलेल्या पिशव्या

पाच वर्षं झाली. यातलं एक वाक्यही मी तोंडाबाहेर काढलेलं नाही — नवऱ्यापाशी नाही, मुलीपाशी नाही. देवापाशीही नाही, देवाशी माझं बोलणं तसं कमीच. आणि न बोलण्याची मला कायद्यानेच मुभा दिली होती. मुभा कसली, हुकूमच.

सरळ सांगायची मला सवय आहे, पण हे सरळ येत नाहीये. थोडं सांभाळून घ्या — नाही, घेऊ नका. तसं म्हणायचं नव्हतं मला.

जपानमध्ये, हिगाशी-कसाईत आम्ही बावीस वर्षं राहतो. विवेकची नोकरी, मग माझीही; मुलगी सई इथेच वाढली, मराठीत विचारलेल्याला जपानीत उत्तर देते. आमच्या इमारतीत पुण्या-मुंबईहून नवं बिऱ्हाड आलं की त्या बाईला कचरा शिकवायचं काम माझं. जळणारा कधी, न जळणारा कधी. मंगळवारी पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या — आधी झाकण काढा, मग लेबल सोला, मग बाटली विसळा, चेपा, पारदर्शक पिशवीत भरा आणि आठच्या आत खाली ठेवा. ज्याला कचरा कळला त्याला जपान कळला, असं मी सगळ्यांना ऐकवायची. माझ्यामागे त्या मुली मला कचरेवाल्या काकू म्हणतात हे मला ठाऊक होतं. आवडायचंही.

मग आम्ही नागरिकत्व घेतलं. निळा पासपोर्ट परत केला, लाल आला, मतदारयादीत नाव गेलं. त्या यादीतूनच इथे चिठ्ठ्या निघतात. खुनासारख्या खटल्यात तीन न्यायाधीशांच्या शेजारी सहा साधी माणसं बसतात. आरोपी दोषी आहे का आणि शिक्षा किती, हे नऊ जण मिळून ठरवतात. आत जे बोलणं होतं ते मरेपर्यंत बाहेर सांगायचं नाही. सांगितलं तर तो गुन्हा.

मला पत्र आलं. निवडीच्या दिवशी न्यायाधीशांनी विचारलं, या खटल्यात निःपक्षपातीपणे निर्णय देणं कठीण जाईल असं तुमच्या आयुष्यात काही आहे का? मी म्हणाले, विशेष काही नाही.

विशेष काही नाही.

मला एक भाऊ होता. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आमच्या चिंचवडच्या ब्लॉकमध्ये तो बाविसाव्या वर्षी आजारी पडला. वरच्या मजल्यावरचे लोक पाण्याच्या टाकीतून आपल्याबद्दल बोलतात, असं त्याला ऐकू यायला लागलं. गोळ्या घेतल्या की थोडं बरं, बंद केल्या की पुन्हा टाकी. घरात त्याचं एक काम ठरलेलं होतं — दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुवायच्या, दोरीवर चिमटे लावून वाळवायच्या आणि रद्दीवाल्यासाठी पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधायचे. ते त्याने कधी चुकवलं नाही. कधीच नाही. एका सकाळी त्याने पिशव्या धुतल्या, दोरीवर लावल्या, आदल्या दिवशीच्या मोजून बांधल्या, आणि अर्ध्या तासाने बत्ता उचलून आईच्या हातावर घातला. आई त्यांना सामील आहे, असं म्हणाला. आईने डॉक्टरांना सांगितलं, मोरीत पाय घसरला.

पुढच्या वर्षी मला विवेकचं स्थळ आलं. दादा तेव्हा गावाबाहेरच्या एका संस्थेत होता. मुलगा कुठे असतो, असं पाहुण्यांनी विचारलं तर सांगायचं काय, यावर घरात दोन दिवस खल चालला. परदेशात म्हणू, असं बाबा म्हणाले. मस्कत हे नाव माझं. कुणी लगेच जाऊन बघणार नाही, इतकं लांब. आणि खरं वाटेल, इतकं जवळ.

तो सतरा वर्षं त्या संस्थेत होता. मी एकदाही गेले नाही. पुण्याला सुट्टीवर आले की आई दाराशी हळूच म्हणायची, "एकदा ये गं माझ्याबरोबर. तुझं विचारतो तो." मी म्हणायची, बघू. आई सांगायची, तिथेही सगळ्यांच्या दुधाच्या पिशव्या तोच धुतो. शेवटी न्यूमोनियाने गेला. विवेकला मी सांगितलं, मस्कतला हार्ट अटॅक. तो बिचारा लगेच तिकिटं बघायला लागला. मी म्हणाले, नको, सगळं उरकलं आहे.

आता खटला. उघड्या कोर्टात जे झालं ते सांगायला मला बंदी नाही.

आरोपी पंचेचाळिशीचा, म्हाताऱ्या आईबरोबर राहणारा. वरच्या मजल्यावरचा गृहस्थ सांडपाण्याच्या पाइपातून आपल्याशी बोलतो, आपल्याला मरायला सांगतो, असं त्याला वर्षभर ऐकू येत होतं. एका मंगळवारी तो वर गेला आणि त्या गृहस्थाला त्याने स्वयंपाकाच्या सुरीने भोसकलं. माणूस दारातच गेला. त्याची बायको रोज समोर येऊन बसायची — करडा कोट, मांडीवर फोटो. तिच्याकडे बघवत नसे. हेही खरंच आहे आणि ते मी खोडून काढत नाही.

खून त्यानेच केला, यावर वाद नव्हता. वाद एवढाच — करताना तो शुद्धीत होता का? मनोविकारतज्ज्ञ साक्षीला आले. आजार आहे, आवाज खरे ऐकू येतात, असं त्यांनी सांगितलं. पण त्या क्षणी त्याचं स्वतःवर किती नियंत्रण होतं हे ठरवणं तुमचं काम, म्हणाले. ते समोर असतानाच सरकारी वकिलांनी पडद्यावर एक फोटो लावला. पारदर्शक पिशवी. आत बाटल्या — विसळलेल्या, चेपलेल्या, लेबल सोललेल्या, झाकणं वेगळ्या पिशवीत. त्या सकाळी आठच्या आत त्याने ती खाली नेऊन ठेवली होती. साडेनऊला खून. ज्या माणसाला वार कळतो, वेळ कळते, नियम कळतो, वकील म्हणाले, त्याला आपण काय करतो आहोत हे कळत नव्हतं असं म्हणता येईल का?

मी फोटोकडे बघत होते. मला दोरी दिसत होती, चिमटे दिसत होते.

त्या दालनात बसलेल्या माणसांपैकी उत्तर मला एकटीला माहीत होतं. म्हणता येईल. अगदी खुशाल म्हणता येईल. डोकं टाकीत बुडालेलं असतं आणि हात आपले पिशव्या धूत असतात. हे पुस्तकातलं नव्हे, माझ्या घरातलं.

दुपारी आम्ही सहा जण कोन्बिनीतून, कोपऱ्यावरच्या दुकानातून, आणलेले डबे खात बसलो होतो. तिथे नावं नसतात, नंबर असतात; मी चार नंबर. दोन नंबर म्हणजे निवृत्त बस-ड्रायव्हर, गप्पिष्ट माणूस. त्याने विचारलं, "चार नंबर-सान, तुमच्या देशात बाटलीचं लेबल काढतात का हो?"

"आमच्याकडे बाटलीच टाकत नाहीत," मी म्हणाले. "पाणी भरून फ्रिजमध्ये ठेवतात. दहा वर्षं."

सगळे हसले. मग मी त्यांना माझे कचऱ्याचे धडे सांगितले, कचरेवाल्या काकूंसकट. एक बाई म्हणाली, तुम्ही तर आमच्याहून जपानी. मला बरं वाटलं. किती बरं वाटलं हे सांगायला आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी आम्हांला आरोपीला प्रश्न विचारायची संधी होती. तज्ज्ञांना विचारायचा एक प्रश्न मी आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवला होता — माणूस पूर्ण भ्रमात असताना सवयीचं काम बिनचूक करू शकतो का? तज्ज्ञ उठून गेले, तरी मी तो विचारला नाही. कागद माझ्या पर्समध्ये घडी घालून. आणि आता आरोपीसमोर मी हात वर केला. विचारलं काय? तर, "बाटलीचं लेबल काढायचं असतं, हे त्या सकाळी तुमच्या लक्षात होतं?"

तो खाली बघत होता. म्हणाला, "हो. मंगळवार होता."

बस. एवढंच. सरकारी वकिलांनी काहीतरी टिपून घेतलं. मी खाली बसले. पाठ ताठ होती माझी.

मग आत. आत नऊ जणांत काय बोलणं झालं, ते मी सांगणार नाही. कोण काय म्हणालं, माझं मत काय होतं, कशाला माझा हात वर गेला — ते कायद्याचं आहे. पण जे बोललंच गेलं नाही ते सांगायला मला कोण अडवणार? दुधाच्या पिशव्यांबद्दल मी बोलले नाही. पहिल्या दिवशी नाही, शेवटच्या दिवशी नाही. भाऊ होता, असंही म्हणाले नाही.

का नाही? विवेकला कळेल म्हणून? छे. ती खोली जगातली सगळ्यांत सुरक्षित खोली होती. आठ माणसं, आठही जण कायद्याने जन्मभर मुकी. तिथे मी दादाचं नाव घेतलं असतं तर ते माझ्या घरापर्यंत कधीच आलं नसतं. तेव्हा ते कारण नाही. मी बाहेरची, म्हणून दबले? तेही नाही. दबणारी बाई मी नाही, इमारतीत कुणालाही विचारा.

कारण मला तो दोषी हवा होता.

हे लिहायला मला पाच वर्षं लागली. आईचा हात मोडला त्या दिवशी मी ठरवलं होतं की दादाला सगळं कळतं. पिशव्या मोजता येतात ना? पंचवीस म्हणजे पंचवीस, चोवीस नाही. मग बत्ता कुणावर चालवतोय तेही कळतं. ढोंग आहे. या एका वाक्यावर मी त्याला सतरा वर्षं भेटले नाही. त्या वाक्यावरच मस्कत रचलं आणि संसार केला. आता समोरच्या माणसाला जर कळत नव्हतं, तर दादालाही कळत नव्हतं. मग मी कुणाला शिक्षा देत होते? सतरा वर्षं कुणाला?

ते मला नको होतं. म्हणून मी ती बाटल्यांची पिशवी पुराव्याला तशीच राहू दिली, वर माझ्या प्रश्नाने तिला गाठ मारून दिली.

निकाल उघड कोर्टात वाचला गेला. गुन्ह्याची पूर्ण जबाबदारी त्याची. सोळा वर्षं. कारणांमध्ये त्या सकाळच्या कचऱ्याचा उल्लेख होता. मी बोलले असते तर निकाल फिरला असता? माहीत नाही. हा प्रश्न मी मनात पुष्कळ फिरवते, कारण त्यात माझी थोडी सुटका आहे. म्हणून तो इथे पुढे नेत नाही.

निकालाच्या आधी आरोपीला शेवटचं बोलू दिलं होतं. त्याने कागदावरून त्या गृहस्थाच्या बायकोची माफी मागितली, दोनदा वाकला. कागद संपल्यावरही तो उभाच राहिला. मग म्हणाला, "आईची बोटं दुखतात. तिला लेबलं निघत नाहीत." न्यायाधीश थांबले. तो खाली बसला.

न्यायालयाने आम्हांला आभाराचा छोटा बिल्ला दिला. विवेकने तो सगळ्यांना दाखवला. सई जपानीत म्हणाली, आई ग्रेट आहे. इमारतीत नवं बिऱ्हाड आलं की विवेक अजूनही माझी ओळख त्या बिल्ल्यासकट करून देतो. ज्याला कचरा कळला ते वाक्य मी आता म्हणत नाही. बाकी सगळं शिकवते. लेबलं सोलते, मंगळवारी आठच्या आत खाली ठेवते. माझी बोटं अजून चांगली आहेत.

हे छापून आलं की विवेक वाचेल. आधी तोंडाने सांगायला हवं होतं. तेही केलेलं नाही.

माझ्या भावाचं नाव श्रीधर. तो मस्कतला कधी गेला नव्हता.