नावाड्याच्या वहीतलं आडनाव

सुगंधाबाई गजघाटे यांची शाळा सातवीतच सुटली. इंग्लंडातल्या स्लाऊ गावच्या वेअरहाऊसमध्ये खोकी भरता भरता त्या पुस्तकं वाचून शहाण्या झाल्या. २००६ च्या उन्हाळ्यात त्या पहिल्यांदाच सुट्टीवर निघाल्या, त्या थेट नॉर्दर्न आयर्लंडच्या तळ्यांकडं. तिथल्या एका बेटावर जुना मठ आणि उंच दगडी मनोरा आहे, एवढं कळल्यापासून त्यांचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

शेवटची बोट सुटायला पाचच मिनिटं उरली होती. म्हाताऱ्या नावाड्यानं वही उघडली. "आडनाव?"

झालं! बाई भडकल्या. नागपुरात हेच विचारून चार घरमालकांनी तोंडावर दार लावलं होतं.

"आडनाव कशाला? समोर माणूस दिसत नाही?"

"आई, बोट जाईल गं!" लेकीनं, रचनानं, त्यांचा कोट ओढला.

"जाऊ दे! आमच्याकडं आडनावावरून जात हेरतात. ते दाखवून मला बेट बघायचं नाही."

नावाडी चमकला, मग हसला. "बाई, आडनावावरून माणूस कुठल्या चर्चचा, कॅथलिक की प्रोटेस्टंट, ते इकडंही हेरतात. माझंही हेरलंय. पण ही वही वेगळी. तुम्ही बुडालात तर कुणाला कळवायचं, ते मला नको का ठाऊक?"

बाईंना हसू फुटलं. पेन हिसकावून त्यांनी दोन ओळी भरतील एवढं मोठं 'गजघाटे' लिहिलं. नावाड्यानं ते तीनदा वाचून पाहिलं आणि हात टेकले.

"यावरून काहीच कळत नाही. बसा पुढं!"

बाई थेट बोटीच्या टोकाला जाऊन बसल्या. मनोरा दिसताच त्या आनंदानं ओरडल्या, "अहो, आता तुमचं आडनाव सांगा! तुम्ही बुडालात तर मी कुणाला कळवू?"