गिरडच्या वाटेवर हीटरने दिलेला गार वारा

नवरा गेल्यानंतरची तीन वर्षं मी देवापुढे दिवा लावत होते, तो केवळ घरात मामाजी होते म्हणून. मामाजी म्हणजे माझे सासरे, ऐंशी उलटलेले. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, तेव्हापासून वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या घरात आम्ही दोघंच. दिवा लावायचे, हात जोडायचे नाही. शाळेतून घरी यायचं, वह्या तपासायच्या, दोन पोळ्या करायच्या. कुणी देवाचा विषय काढला की मी उठून आत जायची. राग होता असंही म्हणवत नाही. बोलणं संपलं होतं, एवढंच.

नवऱ्याची गाडी दोन वर्षं अंगणात झाकून उभी होती. मागच्या वर्षी ती विकायचं ठरवलं आणि आयत्या वेळी विकवेना, म्हणून क्लास लावून चालवायला शिकले. मी शिकून परत यायची तेव्हा मामाजी रोज फाटकाशी उभे दिसायचे.

दिवाळीत त्यांना न्यूमोनिया झाला. बारा दिवस दवाखान्यात काढले. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की हिवाळाभर छातीला गारठा लागू द्यायचा नाही. आणि जानेवारीत, थंडी ऐन भरात असताना, मामाजींनी गिरडचं काढलं. तिथे टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. आमच्याकडच्या कितीतरी घरांसारखं आमचंही तिथे पिढ्यांपासून जाणं. नवस फेडायचाय, म्हणाले. मला वाटलं, आजारातून उठल्याचा असेल. उन्हं तापू द्या, मार्चमध्ये जाऊ, असं मी जरा तोडूनच सांगितलं. ते भांडले नाहीत. फक्त दोन दिवस मान खाली घालून जेवले. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, रविवारी निघू.

सकाळी सातला निघालो तेव्हा धुकं होतं. त्यांना स्वेटर, कानटोपी, वरून ब्लँकेट, आणि भरवसा गाडीच्या हीटरचा. गाडी शिकल्यापासून मी तो कधी लावलाच नव्हता; आपल्याकडे एसीचीच गरज जास्त. बटण लाल खुणेकडे फिरवलं, पंखा सुरू केला, तर आतून गार वारा. इंजिन तापायला वेळ लागत असेल म्हणून थांबले. हिंगणघाट आलं तरी गारच. बाहेरची हवा आत घेणारं बटण बंद करून पाहिलं, पंखा कमी करून पाहिला, वाढवून पाहिला. एसी चुकून चालू आहे का तेही पाहिलं. काही फरक नाही. समोरचा तापमानाचा काटा अर्ध्याच्याही खाली होता, म्हणजे इंजिनाचं सगळं ठीक असणार, असं मी समजले.

समुद्रपूर मागे पडलं आणि मामाजींना खोकला सुरू झाला. मी माझी शाल काढून त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळली. हात लावला तर बोटं बर्फासारखी. तेव्हा मनात आलं ते लिहायला लाज वाटते. मी म्हटलं, तुझ्याकडेच तर येतोय आम्ही, आणि एवढीही ऊब देता येत नाही तुला?

रस्त्याच्या कडेला एक चहाचं टपरीवजा दुकान दिसलं. पुढे शेकोटी पेटलेली होती. मी गाडी थांबवली, मामाजींना धरून उतरवलं. दुकानवाल्या म्हाताऱ्या बाईने काही न विचारता स्वतःची खुर्ची शेकोटीशी ओढून दिली. तिथे आणखी एक गृहस्थ शेकत बसले होते, साठीच्या पुढचे, डोक्याला मफलर. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, रिटायर होऊन आता शेती करतात, हे त्यांनी नंतर सांगितलं. एरवी या वेळी ते शेतात असतात. त्या दिवशी पंपाची लाईन, म्हणजे वीज, आली नव्हती म्हणून बसले होते. मी चहावालीला हीटरचं रडगाणं सांगत होते, ते त्यांनी ऐकलं आणि उठून बॉनेट उघडायला लावलं.

त्यांनी इंजिनाला हात लावला नाही. आधी वाकून पाहिलं, मग एका बाजूच्या दोन रबरी नळ्या बोटांनी चाचपल्या. चेहरा गंभीर झाला.

"ताई, हीटर नाई बिघडला," ते म्हणाले. "इंजिनाचं गरम पाणी या नळ्यांतून हीटरमंदी जाते, तवा गरम हवा येते. तुमच्या गाडीत पाणीच नाई राह्यलं."

मी काट्याचं सांगितलं. ते म्हणाले, काटा पाण्याची गरमी सांगतो, पाणीच नसलं तर काय सांगन. अजून दहा-पंधरा किलोमीटर अन् वरून टेकडीचा चढ, इंजिन जागीच जाम झालं असतं. "हीटर लावला म्हणून समजलं, नाई तर गाडीनं सांगतलंच नसतं."

रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नव्हतं, अंगावर वाफ आली असती. इंजिन निवेपर्यंत तासभर थांबलो. त्या तासात मी शेकोटीजवळ गेले तेव्हा मामाजी चहावालीशी बोलत होते. तिने नवस कशाचा म्हणून विचारलं असावं. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

"पोरगा गेला तवा बाबाले म्हटलं होतं," ते सांगत होते, "माह्या सुनेले या दुःखाच्या भाईर काढ. ते मले आपल्या हातानं घेऊन आली का मी पायऱ्या चढीन. आता ते गाडी चालवून राह्यली."

मी तशीच मागे वळले आणि गाडीच्या आडोशाला उभी राहून रडले. तीन वर्षं मी समजत होते की मी त्यांना सांभाळते आहे.

मेकॅनिककाकांना तोवर दोष सापडला होता. एक नळी टोकाशी चिरली होती, तिथून थेंब थेंब गळत होतं. त्यांनी घरून हत्यारं आणली, चिरलेलं टोक कापलं, उरलेली नळी पुन्हा घट्ट बसवली. चहावालीने पातेल्यात कोमट पाणी करून दिलं, कारण आतून अजून ऊन असलेल्या इंजिनात एकदम गार पाणी चालत नाही. मग काकांनी ते भरलं आणि झाकण उघडं ठेवूनच गाडी सुरू करायला लावली, हीटर पुरता गरमवर. ते नळी दाबत होते, पाण्यातून बुडबुडे येत होते. आत हवा अडकली की पाणी फिरत नाही, ती निघू द्यायची, म्हणाले. पाणी खाली जाई, ते पुन्हा भरत. बुडबुडे थांबले. झाकण लावलं. मी हीटरच्या जाळीसमोर हात धरून बसले होते. वारा आधी गार, मग कोमट, आणि मग चांगला ऊन झाला.

वर्ध्याला पोचल्यावर साधं पाणी काढून कूलंट भरून घेजा, एवढं बजावून ते शेताकडे निघाले. लाईन आली होती. मामाजींनी त्यांचे हात आपल्या दोन्ही हातांत धरले, ते बराच वेळ सोडले नाहीत.

गिरडला गाडी जाते तिथवर नेली. पुढच्या पायऱ्या मामाजी माझ्या खांद्यावर हात ठेवून, दर पाच-सहा पायऱ्यांवर बसत चढले. वर पोचलो तेव्हा धुकं विरलं होतं. त्यांनी चादर चढवली. मी हात जोडले. इतक्या दिवसांनी बोलायचं तर सुरुवात कुठून करायची. काही मागावंसं वाटलं नाही. आपण मागायच्या आधीच कुणीतरी आपल्यासाठी मागून ठेवलेलं असतं, एवढं त्या सकाळी कळलं होतं.

झाला तो चमत्कार होता का, याचा विचार मी करत नाही. नळी चिरली होती, पाणी गळत होतं, याला कारण आहेच. पण ज्या गार वाऱ्यावर मी वाटभर चिडत होते, त्यानेच आम्हाला थांबवलं आणि माणसांपर्यंत नेलं. तेव्हापासून एखादी गोष्ट मनाविरुद्ध झाली की मी लगेच भांडत नाही, जरा थांबते. नेहमी जमतं असं नाही.

परत उतरताना मामाजी एका पायरीवर टेकले, दम घेतला आणि मला विचारलं, "थकली का, बाई?"

नाही म्हटलं, आणि त्यांच्या शेजारी बसले.