आठव्या फेरीतलं दार

लिफ्टमास्तरांनी आयुष्यभर बंद पडलेल्या लिफ्ट चालू केल्या. त्यांचा नियम एकच होता. यंत्र चालू झालं की त्या क्षणी आजूबाजूला जे जसं असेल, ते तसंच राहू द्यायचं. एकदा लिफ्ट सुरू झाली तेव्हा तिच्यात कुणाची तरी सायकल होती. ती सायकल पुढे आठ महिने खाली-वर करत राहिली.

निवृत्त झाल्यावर मास्तरांनी टीव्हीला जोडायचा, तळहाताएवढा एक कॉम्प्युटर घेतला. कारण होतं ताई, त्यांची थोरली बहीण. लहानपणी दोघं दुकानातल्या मशीनवर एक गेम खेळायची. आठव्या फेरीत डावीकडे दार आहे, असं ताईचं म्हणणं. मास्तर म्हणत, नाही. बेचाळीस वर्षं हे भांडण चाललं होतं. ते मशीन केव्हाच भंगारात गेलं. पण तो गेम कॉम्प्युटरवर चालवणारं एक जुनं सॉफ्टवेअर मास्तरांनी शोधून काढलं आणि ताईला रविवारी चारला बोलावलं.

सॉफ्टवेअर म्हणालं, गेमची फाइल सापडत नाही. मास्तरांनी नवीन आवृत्ती घातली. ती म्हणाली, फाइल फार जुनी आहे. पुन्हा जुनी घातली, पुन्हा फाइल गायब. शनिवारी अकराव्या खेपेला गेम एकदम सुरू झाला. तेव्हा बायको स्टुलावर चढून, एक हात फळीवर टेकवून भिंतीवरचा पंखा पुसत होती.

"हलू नकोस," मास्तर म्हणाले.

"अहो, झाला पुसून."

"तरी पूस."

ती उतरली, गेम गेला. चढली, आला. फळीवरच कॉम्प्युटर होता आणि त्यात गेमचा पेनड्राइव्ह सैलसर खोचलेला होता. पण मास्तरांचं सगळं लक्ष स्टुलावर आणि फडक्यावर.

रविवारी बायकोने हात झटकले. "माझे गुडघे म्हणजे तुमच्या लिफ्टचे पार्ट नव्हेत. तुम्ही चढा."

मास्तर चढले. एक हात फळीवर, दुसऱ्यात फडकं, तोंड भिंतीकडे. त्यांच्या पाठीमागे ताई टीव्हीसमोर खेळायला बसली.

"सातवी संपली," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "हे बघ दार. डावीकडेच आहे."

मास्तर वळायला गेले. हात जरासा सुटला तसा पडदा थरथरला.

"हलू नकोस रे. दारातच उभी आहे मी."

"अगं, तू तरी बघ," मास्तर बायकोला म्हणाले.

"माझा चष्मा आत आहे," बायको जागची न हलता म्हणाली.

मास्तरांनी बराच वेळ पंखा पुसला.

"असेल," ते शेवटी भिंतीला म्हणाले.

"काय असेल?"

"दार. डावीकडे."

"बरं," ताई म्हणाली. "आता नववी खेळते. पुसत राहा."